आज त्याचा वाढदिवस नाही

जुलैत इथलं ऊन संध्याकाळी सातलाही
दाराची मूठ धरून बसलेलं असतं.
साल्मियात आमच्या इमारतीमागे बाग आहे,
पण तिच्यात ऑक्टोबरपर्यंत कुणी नसतं,
फक्त एक लोखंडी घसरगुंडी,
हात लावला तर कातडी तिथेच राहील अशी.

म्हणून आम्ही मॉलमध्ये चालायला जातो.
खरंच चालायला.
तळमजल्याच्या तीन फेऱ्या,
उदाच्या वासाच्या दुकानापासून सुरू, बुटांच्या दुकानाला वळसा.
शलाका पुढे. हृषी ढकलगाडीत बसत नाही,
म्हणून ढकलगाडीत पाण्याच्या बाटल्या बसतात,
आणि माझ्या पर्समध्ये गूळतुपाची पोळी, गुंडाळून.
बाहेरचं खाणं आणू नये असं दारावर दोन भाषांत लिहिलंय.
आमची तिसरी.

पहिल्यांदा आलो तेव्हा शलाका तीन वर्षांची होती.
सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी हे पिवळं हेलिकॉप्टर,
शंभर फिल्स टाकले की डुलणारं, दिवे लावणारं.
हे का थांबलंय, तिनं विचारलं.
तिच्या बाबाचा पगार तेव्हा दोन महिने आला नव्हता.
मी म्हटलं, ते फक्त वाढदिवसाला हलतं.
कुणाच्या?
त्याच्या स्वतःच्या.

इतकं सहज निघालं तोंडातून
की मलाच वाटलं, असेलही.

मग दर शुक्रवारी ती त्याच्या नाकावर हात ठेवून विचारायची,
आज आहे का रे?
नसायचाच.
मग आत बसून स्वतःच डुलायची, घर्रर्र आवाज काढायची.
फरशी पुसणारा मोफिजुल काठी भिंतीला टेकवून म्हणायचा,
कुठे निघालं विमान?
मिरजेला.
मला वाटेत बोरिशालला सोडशील?
बसा, म्हणायची ती. आणि खरोखर सरकायची.

एकदा एका मुलानं नाणं टाकलं.
पांढराशुभ्र दिशदाशा, एका हातात वडिलांचं बोट.
हेलिकॉप्टर थरथरलं, पेटलं, वर-खाली होऊ लागलं.
मी शलाकाकडे बघितलं नाही.
बुटांच्या किमती वाचत राहिले,
न घ्यायच्या बुटांच्या.

ती धावली.
टाळ्या वाजवत हेलिकॉप्टरला मराठीत शुभेच्छा दिल्या,
त्याच्या शेपटीचा मुका घेतला.
तो मुलगा गोंधळला, मग तोही टाळ्या वाजवू लागला.
त्याच्या वडिलांनी मला विचारलं, हिचा वाढदिवस आज?
मी हो म्हटलं. खोट्याला खोटं व्यालं.
त्यांनी तिच्या तळव्यावर एक नाणं ठेवलं. मबरूक.

तिनं ते टाकलं नाही.
नाण्यावरच्या गलबताकडे बघत राहिली, गाडीत, लिफ्टमध्ये, जेवताना.
हे कधी हलतं, आई?

आता ती नऊ वर्षांची आहे.
मोफिजुल तीन उन्हाळ्यांपूर्वी गेला, गावी की दुसऱ्या मॉलमध्ये, माहीत नाही.
पगार वेळेवर होतो.
पर्सच्या चोरकप्प्यात शंभरचे पाच-सहा तरी खुळखुळतात.
आज हृषीनं हेलिकॉप्टरला हात लावून विचारलं, हे का थांबलंय?
मी तोंड उघडायच्या आत शलाका म्हणाली,
आज त्याचा वाढदिवस नाही.
आणि माझ्याकडे बघितलं, सरळ,
जसं मोठी माणसं मोठ्या माणसांकडे बघतात.

मी पर्स उघडली.
राहू दे, ती हळूच म्हणाली,
आधी त्याला आवाज काढू दे.

तो काढतो. बरा काढतो, थोडी थुंकी उडते.
कुठे निघालं विमान, मी विचारते.
मिरज त्यानं फोनच्या पडद्याएवढीच बघितलीय.
विचार करून सांगतो,
वरच्या मजल्यावर.

शलाका त्याच्या शेजारी घुसते, मावत नाही तरी,
गुडघे हनुवटीला लावून.
मी पोळी काढते, तीन तुकडे करते.
दारावरचा रखवालदार आमच्याकडे बघतो,
आणि मग बराच वेळ
बुटांच्या दुकानाकडे.